पाठकोरा कागद

सोमवारी सकाळी पूर्णिमा मेश्राम नागपूरच्या गाडीतून उतरली आणि खोलीवर न जाता पाठीवरच्या सॅकसकट थेट ऑफिसात आली. नारायण पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या तीन खोल्यांत शिरताच तिला झेंडूचा वास आला. आतल्या खोलीत सर्व्हरच्या काळ्या पेटीवर सुकलेली माळ होती. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं उठली होती आणि त्यांच्याखाली तिनेच लिहिलेली पाटी होती: 'हे यंत्र कोणत्याही कारणासाठी बंद करू नये.' पाटी अगदी सरळ होती. गेल्या मंगळवारी ती वाकडी होती, हे पूर्णिमाला पक्कं आठवत होतं.

"काका, ही पाटी कुणी काढली?"

दत्तप्रसाद म्हणजे ऑफिसचे शिपाई, कारकून, चहावाले आणि सर्वज्ञ. ते फडकं झटकत दारात आले. "मीच. खंडेनवमीला पुसायचं होतं ना सगळं. पण परत लावली की! तुमची चिकटपट्टी पिवळी पडली होती, नवी लावली."

"आणि मशीन?"

"बंद केलं, पुसलं, पूजा केली, चालू केलं. ओल्या फडक्याने चालू मशीन पुसायचं असतं का?"

पूर्णिमा खुर्चीत बसली आणि तिने पडदा चालू केला. निळ्या पडद्यावर एक लांबलचक रिकामा रकाना होता आणि यंत्र तिच्याकडे अठ्ठेचाळीस आकडे मागत होतं. इतके दिवस त्याने ते कधीच मागितले नव्हते.

ज्यांचा आवाज जाणार आहे, अशा माणसांसाठी हे ऑफिस होतं. घशाचं ऑपरेशन ठरलेला माणूस आधी येऊन माइकसमोर तीनशे वाक्यं वाचायचा. ते वाचन आणि त्याचा लिहिलेला मजकूर यांच्यावरून एक टॅब्लेट तयार व्हायचा. पुढे माणसाने त्यावर शब्द लिहिले, की टॅब्लेट त्याच्याच आवाजात बोलायचा. संस्था काढली होती रंगरावांनी. ते मराठीचे निवृत्त प्राध्यापक. वाक्यं त्यांनी लिहिली होती, नियम त्यांनी केले होते आणि खंडेनवमीची पूजाही त्यांनीच सांगितली होती. पूर्णिमा तिथली एकुलती एक संगणकाची माणूस. दसऱ्याला ती दरवर्षी आईवडिलांबरोबर दीक्षाभूमीवर असायची, त्यामुळे पूजेच्या वेळी ती इथे नव्हती. असती तर फडकं हिसकावून घेतलं असतं.

पण खरा राग तिला दत्तप्रसादांचा आलाच नव्हता. तो स्वतःचाच आला होता, आणि असा राग कुणावर काढताही येत नाही.

झालं होतं ते असं. रेकॉर्डिंगची विंडोज ही एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात चालणारं छोटं यंत्र होती. जुलैमध्ये ती नवी करायची वेळ आली आणि नव्या विंडोजने सुरक्षेची चिप मागितली. त्याशिवाय पाऊल आत टाकणार नाही, म्हणाली. जुन्या सर्व्हरमध्ये अशी चिप नव्हती. मग पूर्णिमाने आतल्या यंत्राला सॉफ्टवेअरची चिप करून दिली. हाताला लागत नाही एवढंच, बाकी काम ती खऱ्यासारखं करते. डिस्कच्या कुलपाची किल्ली सांभाळते आणि दर वेळी यंत्र सुरू झालं, की न विचारता कुलूप उघडते. कुलूप हवंच होतं. आजकाल कुणाचा आवाज चोरून त्याच्या घरच्यांना फोन करणारे भामटे कमी नाहीत.

या चिपची सगळी स्मरणशक्ती एका छोट्याशा फाइलमध्ये असते. चाचणी करताना पूर्णिमाने ती फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवली होती. सर्व्हर बंद करून चालू केला, की ते फोल्डर आपोआप रिकामं होतं. चाचणी पहिल्याच फटक्यात यशस्वी झाली. फाइल नंतर नीट जागी हलवू, असं ती म्हणाली. तीन महिने सर्व्हर एकदाही बंद झाला नाही आणि ते 'नंतर' काही उगवलं नाही. खंडेनवमीला दत्तप्रसादांनी बटण दाबलं, फोल्डर रिकामं झालं आणि चिप नव्याने जन्माला आली. तिला किल्ली ठाऊक नव्हती.

"बॅकअप नाही का?" दहा वाजता आलेल्या रंगरावांनी छत्री खुंटीला लावत विचारलं.

"आहे, सर. दर शुक्रवारी घेते. पण तो कुलूपबंद डिस्कचा आहे. कुलूप तसंच आलं त्याच्यात."

"म्हणजे आपण पेटी सांभाळली, पेटीची दुसरी पेटीही सांभाळली, आणि किल्ली तेवढी वाऱ्यावर सोडली. उत्तम."

"किल्लीचे आकडे छापून ठेवलेत मी. अठ्ठेचाळीस. फाइलला आहेत."

हे म्हणताना तिला थोडा धीर आला होता. तिने कपाटातून 'संगणक – गोपनीय' अशी फाइल काढली. संस्थेत कोणतीही नोंद करायची, तर ती रंगरावांनी आखलेल्या नमुन्यातच करावी लागे. वर संस्थेचं नाव, ब्रीदवाक्य, विश्वस्तांची यादी, मग विषय, संदर्भ, दिनांक, मिती. पूर्णिमाने पान काढलं. ब्रीदवाक्य होतं. सातही विश्वस्त होते. 'विषय: डिस्कच्या कुलपाचे आकडे' हेही होतं. तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं, पान १ / २. आकडे कुठेच नव्हते.

दुसरं पान फाइलमध्ये नव्हतं. मागच्या फाइलमध्ये नव्हतं. कपाटाच्या मागेही नव्हतं. तिथे फक्त रंगरावांची दोन वर्षांपूर्वी हरवलेली मोजपट्टी सापडली.

"जुलैत प्रिंटरच्या ट्रेमध्ये एक पान राहिलं होतं खरं," दत्तप्रसाद चहाचे कप ठेवत शांतपणे म्हणाले. "नुसते आकडेच होते. कुणाचं ते कळेना. पाठकोरं होतं, म्हणून गठ्ठ्यात टाकलं."

पूर्णिमाने कपाळावर हात मारला. एका बाजूने छापलेला आणि पाठीमागून कोरा असा एकही कागद या ऑफिसात आजवर वाया गेला नव्हता. तो प्रिंटरशेजारच्या गठ्ठ्यात जायचा आणि त्याच्या पाठीवर पुढचं काहीतरी छापलं जायचं. रंगरावांना या शिस्तीचा फार अभिमान होता. गोपनीय कागदाला पाठ असू नये, असा नियम मात्र त्यांनी केला नव्हता.

तिने गठ्ठा उपसला. सोसायटीला लिहिलेल्या पाण्याच्या तक्रारींचे मसुदे निघाले, दत्तप्रसादांची वाणसामानाची यादी निघाली, एका व्याख्यानाची न वाटलेली चाळीस निमंत्रणं निघाली. आकडे निघाले नाहीत. घड्याळात अकराला पाच कमी होते. अकरा वाजता बाबुराव येणार होते.

बाकी सगळ्यांचे टॅब्लेट तयार होऊन गेले होते. बाबुरावांचाच तेवढा राहिला होता. मंडईत लिंबं, मिरच्या, लसूण आणि कोथिंबिरीचा त्यांचा गाळा. ऑगस्टमध्ये पाच दिवस येऊन त्यांनी वाक्यं वाचली होती. आवाज असा, की पहिल्या दिवशी पूर्णिमाने माइक एक हात लांब सरकवला होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या घशातली आवाजाची पेटी काढून टाकली. आता पुन्हा वाचून घेऊ म्हणायचीही सोय नव्हती. बाबुरावांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, त्या निळ्या पडद्यामागे.

ते आले. गळ्याला पांढरा रुमाल, हातात पाटी आणि खडू. बरोबर त्यांची बायको राधा, कडेवर पिशवी आणि चेहऱ्यावर सणाला आल्यासारखा आनंद.

"झाला का वो ताई, ह्यांचा आवाज?" तिने दारातूनच विचारलं.

पूर्णिमाने गाडीत झोप झाली नाही, सर्व्हर जरा बिघडलाय, दोन दिवसांनी या, असं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. पण बाबुराव खुर्चीच्या कडेवर बसून तिच्याकडे असे बघत होते, की तिला ते बोलवेना. तिने खरं तेच सांगितलं. किल्ली एका चिपजवळ होती, ती मी चुकीच्या जागी ठेवली, ती पुसली गेली. आकड्यांचा कागद हरवलाय. आवाज आत आहे, पण मला उघडता येत नाहीये.

राधाला चिप कळली नाही. बाकी सगळं कळलं.

"डाक्टरनी न्हेला तवा सांगून न्हेला," ती म्हणाली. "सही घेतली, मग न्हेला. तुमी न सांगताच घालवला."

रंगरावांकडे प्रत्येक प्रसंगाला एक तिरकस वाक्य तयार असायचं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. सुरक्षा, कुलूप, चिप, बॅकअप, सगळं केलं होतं तिने, रात्रंदिवस राबून केलं होतं, आणि चोराला आवाज मिळू नये म्हणून केलेल्या त्या बंदोबस्ताने ज्याचा आवाज त्यालाच बाहेर ठेवलं होतं. तिला ती काळी पेटी माळेसकट जिन्यावरून खाली ढकलून द्यावीशी वाटली.

बाबुरावांनी पाटीवर काहीतरी लिहून तिच्यापुढे धरलं. 'कंचा कागद?'

"असाच एक. आपल्या गठ्ठ्यातला, पाठकोरा…" आणि बोलता बोलता ती थांबली. "काका, जुलैतला गठ्ठा पुढे कशाला वापरला?"

दत्तप्रसादांनी आठवलं. "ऑगस्टात सरांची वाक्यं छापली त्याच्यावर. घरी सरावाला द्यायची म्हणून. मोठ्या अक्षरात, तीस पानं."

"कुणाला दिली?"

दत्तप्रसादांनी हनुवटीनेच बाबुरावांकडे दाखवलं.

"ती पानं कुठे आहेत?" पूर्णिमा जवळजवळ ओरडलीच.

राधाचा चेहरा पडला. "गाळ्यावर हायत," ती चाचरत म्हणाली. "आता वाचायचं काय कामच ऱ्हायलं न्हाई म्हनून… मिरच्यांच्या पुड्या बांधाय घेतले मी. जाड हायत, पुडीला बरे पडत्यात."

ते चौघं निघाले. लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या खरेदीची झुंबड आत्ताच सुरू झाली होती. प्रत्येक जण दुकानासमोर अचानक थांबत होता आणि प्रत्येक थांबणाऱ्याला पूर्णिमा मनातल्या मनात शिव्या घालत होती. रंगराव बंद छत्री पुढे धरून वाट काढत होते. "आपण जरा बाजूला होता का? की रस्ता आपल्या नावावर झालाय?" असं ते दहा-पंधरा जणांना तरी म्हणाले असतील. बाबुराव सगळ्यांच्या पुढे होते. पूर्वी मंडईत शिरताना हा माणूस दहा गाळ्यांशी ओरडून बोलत जायचा, असं राधा म्हणाली. आता दोन्ही बाजूंनी लोक हाक मारत होते आणि ते नुसता हात वर करत होते.

गाळ्याच्या खांबाला एक तार होती आणि तारेला कागद टोचलेले होते. शेजारची बाई गाळा सांभाळत होती. त्यांच्या देखत तिने एक कागद ओढला, पाव किलो मिरच्या त्यात ओतल्या आणि गिऱ्हाइकाच्या हातात पुडी दिली. पूर्णिमाने धावत जाऊन ती काढून घेतली. गिऱ्हाईक म्हणजे एक सदऱ्यातले आजोबा. "मिरच्या आहेत, ताई. सोनं नाही," ते म्हणाले. तिने पुडी उलगडली. आत पाण्याच्या तक्रारीचा मसुदा होता.

तारेला नऊ पानं उरली होती. एक तिच्या हातात होतं. तिसांतली बाकी वीस पुण्यातल्या वीस स्वयंपाकघरांत जाऊन कचऱ्यात पोचली होती. पूर्णिमाने एक-एक पान उलटायला सुरुवात केली. निमंत्रण. निमंत्रण. वाणसामान. विजेचं बिल भरल्याचं पत्र. निमंत्रण. सहावं पान उलटलं आणि तिला आकडे दिसले, सहा-सहाचे मोठाले गट, एकाखाली एक, पानभर.

"आहे!" ती म्हणाली, आणि पुढच्या क्षणी तिच्या तोंडातून अशी शिवी गेली, की रंगरावांनी चष्मा काढून पुसला. पानाचा खालचा कोपरा फाटलेला होता. कुणीतरी लसणाची चिमूटभर पुडी बांधायला तेवढाच तुकडा तोडला होता. सात गट पूर्ण होते. आठव्या गटाचे पहिले तीन आकडे होते, २४२, आणि पुढे फाटलेली कड.

राधा मटकन पोत्यावर बसली. "माझ्याच हातानं," ती म्हणाली.

"थांबा," पूर्णिमा म्हणाली. तिचं डोकं आता चालायला लागलं होतं. "यातल्या प्रत्येक गटाला अकराने पूर्ण भाग जातो. ती सोयच केलेली असते, लिहिताना चूक झाली तर कळावी म्हणून. म्हणजे शेवटचे तीन आकडे कुठलेही असू शकत नाहीत." तिने मोबाइलवर हिशेब केला. "एक्क्याण्णव. फक्त एक्क्याण्णव शक्यता आहेत."

बाबुरावांनी पाटीवर लिहिलं. 'मग थांबलीस कशाला.'

ऑफिसात परतल्यावर तिने डिस्कची प्रत दुसऱ्या यंत्राला जोडली आणि आकडे घालायला सुरुवात केली. वरचा बाण दाबायचा, शेवटचे आकडे बदलायचे, एन्टर मारायचं, नकार घ्यायचा. बाबुराव शेजारी बसून प्रत्येक नकाराला पाटीवर एक रेघ ओढत होते, चार उभ्या आणि पाचवी आडवी, पोती मोजतात तशा. हे काम दोन ओळींच्या प्रोग्रामने मिनिटभरात झालं असतं, हे पूर्णिमाला संध्याकाळी बसमध्ये सुचलं. तेव्हा सुचलं नाही. तेव्हा तिला प्रत्येक नकार स्वतःच्या हाताने घ्यावासा वाटत होता.

बासष्ट रेघा झाल्या. त्रेसष्टाव्या वेळी यंत्राने नकार दिला नाही. बाबुराव खडू धरून तसेच थांबले.

"उघडलं," पूर्णिमा म्हणाली आणि टेबलावर डोकं टेकून तिने दोन मिनिटं कुणाकडेच पाहिलं नाही.

रंगराव उठून पुढे आले. "लावा, पहिलं वाक्य लावा." त्यांनी स्वतःच स्पीकरचा आवाज वाढवला. खोलीत बाबुरावांचा आवाज घुमला, भरदार, आणि शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखा ताठ: "आजचे वातावरण अत्यंत आल्हाददायक आहे."

राधाने बाबुरावांकडे पाहिलं, मग स्पीकरकडे पाहिलं.

"सरितेच्या काठी पक्षी कूजन करीत आहेत," आवाज म्हणाला.

"आवाज ह्यांचाच हाय," राधा हळूच म्हणाली. "पन ह्ये कोन बोलतंय? माझ्याशी तीस वर्सांत असं कवाच बोलले न्हाईत." तिचे डोळे भरून आले. बाबुरावांनी मान खाली घातली आणि पाटीवरच्या रेघा पुसायला लागले.

रंगरावांचा चेहरा पार उतरला. तीनशे वाक्यांत मराठीतला प्रत्येक उच्चार यावा म्हणून त्यांनी दोन वर्षं घालवली होती. ते पहिल्यांदाच चाचरत बोलले. "ते… टॅब्लेटवर त्यांना हवे ते शब्द लिहिता येतील, बाई. हे फक्त नमुन्यासाठी."

पूर्णिमाला मात्र आता रडावं की ओरडावं हे कळेना. नागपूरपासून डोळ्याला डोळा नाही, मंडईपर्यंत धावपळ, बासष्ट नकार, आणि एवढं करून कुलपामागून काय निघालं तर पक्ष्यांचं कूजन. ती चरफडत फोल्डर बंद करायला गेली आणि तिला शेजारचं फोल्डर दिसलं. 'कच्चं – साफ करणे.' माइक चालू केल्यापासून बंद करेपर्यंतचं सगळं त्यात होतं. त्यातलं खोकणं, गप्पा, कागदांची सळसळ आठ दिवसांत छाटून पुसून टाकायची, असा रंगरावांचा नियम होता. ते त्यावरून तिला दोनदा बोलले होते. तेही ती 'नंतर' करणार होती.

तिने पहिली फाइल लावली.

खुर्ची सरकली. कुणीतरी दणदणीत खोकलं. "चालू हाय का ह्ये?" बाबुराव म्हणाले. "च्यायला, ह्या मास्तरानं लिव्हलंय काय, दात दुखाय लागले माजे. आल्लाद… आल्लाद… राधे, आगं राधे, पानी दे जरा."

राधा उठली. कुणी काही बोलायच्या आत, तिला स्वतःला काही कळायच्या आत, तिने पिशवीतली बाटली काढली, झाकण उघडलं आणि नवऱ्यापुढे धरली. मग तिच्या लक्षात आलं. ती तशीच हात पुढे करून उभी राहिली.

बाबुराव तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बाटली घेतली आणि तहान नसताना, अगदी सावकाश, सगळं पाणी संपवलं.

रंगरावांनी टेबलावरचा पाठकोरा कागद ओढला, खिशातून पेन काढलं आणि ते पूर्णिमाकडे न बघता म्हणाले, "परत लावा. सगळं पहिल्यापासून लावा. मी लिहून घेतो."